तर्काची बैठक

'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा विचार आज पुन्हा मनात आला. 2016 साली, अण्णा नाईकांच्या मृत्यूने आरंभ झालेल्या त्या कथेतील अघटितांमागचा सूत्रधार कोण, याविषयी डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये ठाणे येईतो जी अनुमाने मांडली जात, त्यांत पुराव्यांची छाननी आणि प्रत्येक पात्राच्या हेतूची तहकिकात इतक्या निष्ठेने होई की, रसिकता ही केवळ ग्रहणशक्ती नसून निर्मितीचीही शक्ती आहे, याची खात्री पटे.

सावंतवाडीनजीकच्या आकेरीत चित्रित झालेले मालिकेतील नाईकांचे घर पाहणाऱ्या कित्येकांची कोकणातील स्वतःची घरे कुलूपबंद होती आणि सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावे दाटली होती. म्हणूनच नाईकांच्या मिळकतीचा तंटा त्यांना परका वाटला नाही आणि त्यांच्या तर्काला अनुभवाचे बळ लाभले.

2019 च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. अण्णांचा अंत सर्वांना विदित असल्यामुळे तो कसा झाला यापेक्षा तो का अटळ होता, हा प्रश्न श्रेष्ठ ठरला, आणि अनुमानाची जागा मनुष्यस्वभावाच्या चिंतनाने घेतली. शेवट ठाऊक असूनही जिच्याविषयी तर्क करावासा वाटतो, तीच कथा मी समर्थ मानतो.