एकट्यासाठी एक नगर

घर बांधायचे तर जमीन हवी, दगड हवा, चुना हवा. माझ्या नातवाने मात्र गेली दोन वर्षे माडीवरच्या खोलीत बसून एक अख्खे नगर वसविले आहे, आणि यांपैकी त्याला काहीच लागले नाही. एक संगणक, डोळ्यांवर चढवायचा एक जाड चष्मा आणि अपार चिकाटी एवढेच त्याचे भांडवल. या नगरात एका वेळी एकच माणूस प्रवेश करू शकतो. तोच तेथला पाहुणा आणि तोच तेथला खेळाडू.

अशा खेळांना आभासी वास्तवाचे खेळ म्हणतात. त्यांचे मूळ पुष्कळ जुने आहे. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एकाच वस्तूची किंचित निराळ्या कोनांतून काढलेली दोन चित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखविली, तर मन त्यांची एकच भरीव वस्तू करून टाकते. पुढे १९६८ साली आयव्हन सदरलंड या अमेरिकन संशोधकाने संगणकाने रेखाटलेली चित्रे डोक्यावर घालायच्या यंत्रातून दाखविली. ते यंत्र छताला टांगलेल्या दांड्याला जोडावे लागे! आजचा चष्मा जेमतेम अर्ध्या किलोच्या घरात असतो. मान वळली की त्यातील दृश्यही वळते. त्यात थोडा जरी विलंब झाला, तरी पाहणाऱ्याला घेरी येऊ लागते.

येथे वरवरची सजावट चालत नाही. नाटकात राजवाड्याचा पडदा सोडला की काम भागते. प्रेक्षक काही उठून पडद्यामागे जात नाही. या नगरातला पाहुणा मात्र पहिल्याच मिनिटाला पडद्यामागे डोकावतो, मेजाखाली वाकतो. म्हणून मेजाची खालची बाजूही घडवावी लागते. ‘कोण पाहतो आहे?’ ही सबब ज्या कामात चालत नाही, ते काम मला मनापासून आवडते.

नातवाचे नगर ‘सायबरपंक’ जातीचे. ब्रूस बेथ्की यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेचे हे नाव. पुढच्याच वर्षी विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली आणि या कल्पनेला घाट मिळाला. गंमत अशी की, संगणकांच्या जगाची ही कादंबरी साध्या टंकलेखन यंत्रावर लिहिली गेली! अशा कथांत यंत्रे उत्तुंग असतात आणि माणसांचे जगणे खुजे. वर कंपन्यांच्या पाट्या झगमगतात; खाली अंधाऱ्या गल्लीत माणूस भाकरीसाठी धडपडतो.

एके संध्याकाळी नातू खिन्न होऊन बसला होता. म्हणाला, “आजोबा, हे सारे उसने आहे. हा पाऊस, हे रंगीत दिवे १९८२ च्या ‘ब्लेड रनर’ चित्रपटातले. माझे असे यात काहीच नाही. सगळे पुसून टाकावे म्हणतो.”

मी विचारले, “तुझ्या नगरातल्या माणसांना दुःख कशाचे आहे रे?”

“कर्जाचे. कंपनी त्यांच्या आठवणी गहाण ठेवून घेते.”

तेव्हा मी त्याला सुप्याची हकीकत सांगितली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जखते. ती हाती लागताच त्यांनी त्यांची होळी केली. वाचता न येणारा शेतकरी खताखाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसे. पुढे १८७९ च्या कायद्याने अशी खते नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची तरतूद केली.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण आजोबा, माझ्या नगरात कागदच नाही. यंत्रातल्या खताच्या हजार प्रती असतात. एक जाळून काय होणार?”

“मग तुझ्या खेळाडूने काय करावे?”

या प्रश्नाने त्याची झोप उडवली. आठवडाभराने तो उत्तर घेऊन आला. त्याच्या नगरात आता लोक काचेच्या पाटीवर बोट टेकवून कर्ज घेतात. वरचा मजकूर कोणीच वाचत नाही. खेळाडू दारोदार जातो आणि ज्याचे खत त्याला, त्याच्या भाषेत, वाचून दाखवितो. ज्याला ते उमगते, त्याच्या खिडकीत दिवा लागतो. पाऊस तोच, इमारतीही त्याच. पण आता ते नगर दुसऱ्या कोणाचे नव्हते.

मीही एकदा तो चष्मा लावला. एका दाराशी एक म्हातारी बसली होती. पाटी पुढे करून ती म्हणाली, “एवढे वाचून दाखवता का, बाबा?” ती चित्रातली आहे, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, वाचावयास आरंभ केला.

मुलांनो, तुम्हीही उद्या अशी नगरे वसवाल. त्यांत उंच इमारती जरूर उभारा. पण कोणीही पाहुणा आत शिरला, तर त्याला कोणाच्या तरी उपयोगी पडता यावे, एवढी जागा तेथे राखून ठेवा.