हात, कंबर, पाय

व्यायामशाळेच्या कोपऱ्यातलं रोइंग मशीन पाहिलं की नवख्या माणसाला वाटतं, हे हातांचं काम. समोर दांडी, दांडीला साखळी, साखळीपलीकडे जाळीत बसवलेलं पंख्याचं चाक. ते ओढून फिरवायचं म्हणजे दंडात जोर हवा. त्या सरकत्या बैठकीवर रोज बसू लागलं की शरीरच हळूहळू खरं काय ते सांगतं. ओढायचं असतं पायांनी. हात सर्वांत शेवटी येतात आणि पायांनी कमावलेलं छातीपर्यंत पोहोचवतात.

सुरुवातीला नडग्या उभ्या, हात सरळ, धड खुब्यातून किंचित पुढे झुकलेलं. याला कॅच म्हणतात. नावेत याच क्षणी वल्ह्याचं पातं पाणी धरतं. दांडी बोटांत नुसती अडकवलेली असावी. मुठी आवळल्या की मनगटं ताठरतात आणि तो ताठरपणा खांद्यांपर्यंत चढतो. मग पावलांनी समोरची तिरकी फळी रेटायची. पाठ तशीच झुकलेली, हात तसेच सरळ. कोपरांना मध्येच वाकायची घाई होते, कमरेला उघडायची घाई होते. त्यांना थोपवून धरायचं. बैठक आणि दांडी एकाच वेगाने मागे निघाली पाहिजेत. बैठक एकटीच निसटली, तर पायांचा जोर वाया जातो आणि कमरेवर नसता भार येतो. पाय सरळ होत आले की धड उभ्या रेषेच्या जरासं मागे जातं आणि मग हात दांडीला बरगड्यांच्या खालच्या कडेशी आणतात. पाय, कंबर, हात.

इथे कष्ट संपतात आणि बहुतेकांचं लक्षही सुटतं. माझा जीव जडला आहे तो मात्र यानंतरच्या परतण्यावर. आधी हात सरळ करायचे. मग धड पुढे झुकवायचं. दांडी गुडघ्यांपलीकडे गेली की मगच गुडघे उचलायचे. हात, कंबर, पाय. गेलो त्याच वाटेने, उलट्या क्रमाने. मिनिटाला २० वेळा ओढायचं, तर एका फेरीला ३ सेकंद मिळतात. त्यातला साधारण १ ओढण्याचा, २ परतण्याचे. झोपाळ्यावरचं मूल झोका पुरता मागे आल्याशिवाय पायाने रेटा देत नाही. तेवढाच धीर इथे लागतो.

हा धीर पाण्याने शिकवलेला आहे. शर्यतीच्या नावेत वल्ही पाण्याबाहेर असताना, म्हणजे परततानाच, नाव सर्वांत वेगात असते. वल्हवणाऱ्याचं वजन बैठकीवरून नावेच्या मागच्या टोकाकडे सरकतं आणि हलकी नाव त्याच्याखालून पुढे धावते. तो घाईने येऊन फळीवर आदळला, की तीच नाव अडखळते. जमिनीवरचं मशीन अडखळत नाही, ते घाई निमूट सोसतं. म्हणून इथला संथपणा ज्याचा त्यालाच राखावा लागतो.

आणि तरी या मशीनलाही परतणं कळतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्राइसिगॅकर हे भाऊ वल्ही बनवत. १९८१ साली त्यांनी सायकलच्या चाकापासून कन्सेप्ट टू या आपल्या कंपनीचं पहिलं रोइंग मशीन तयार केलं. चाक हवेला घुसळतं. जितकं वेगाने ओढावं तितका हवेचा विरोध वाढतो. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. ५०० मीटर २ मिनिटांत जायला सुमारे २०३ वॉट पुरतात. तेच १ मिनिट ४५ सेकंदांत जायला ३०२ लागतात. बाजूचा १ ते १० आकड्यांचा डॅम्पर पंख्याकडे हवा किती जावी एवढंच ठरवतो, जोर आपला आपणच घालायचा. तो जोर मोजण्यासाठी मशीन आधी हवेचा विरोध जोखतं, आणि तो जोखतं आपण परतत असताना, चाक किती झपाट्याने मंदावतं यावरून. ओढताना चढलेला चाकाचा घोंगावता सूर परतताना उतरत जातो. डोळे मिटून तो ऐकत पुढे येणं मला फार आवडतं. त्या उतरत्या सुरातच पुढच्या ओढीचं मोल ठरत असतं.

अशा वेळी दत्तू भोकनळ आठवतात. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं दुष्काळी गाव. विहिरी खोदण्याची कामं केलेला हा तरुण २०१२ साली सैन्यात गेला आणि तिथे त्याने वल्हं हाती घेतलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकेरी शर्यतीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं. मला त्या चौघांच्या नावेचं फार अप्रूप वाटतं. चार माणसांचा जोर कधी सारखा नसतो, आणि तो थोडा कमीजास्त असला तरी नाव चालते. परतणं मात्र चौघांचं एकच असावं लागतं. एक जण जरा आधी पुढे आला, तरी बाकी तिघांना ते पाठीत जाणवतं.

दम लागला की सर्वांत आधी परतणंच बिघडतं. गुडघे हातांच्या आधी उठतात, दांडी त्यांना वळसा घालत येते, पुढची ओढ वाकड्या पाठीने सुरू होते. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, शिकायला सुरुवात परतण्यापासून करा. पावलांवरचे पट्टे सोडून काही वेळ संथ वल्हवा. मागे गरजेपेक्षा जास्त झुकलात तर पावलं फळीवरून सुटतील आणि तुमचं तुम्हालाच कळेल. ताकद वयाबरोबर येते आणि ओसरते. क्रम साठीतही शिकता येतो. तो अंगात मुरला, की जितकी ताकद उरली असेल तितकी सगळी कामी येते.