पायाखालची कोरडी जागा

गेल्या वर्षी संक्रांत होऊन चार दिवस झाले नसतील, तोच शेजारच्या बिऱ्हाडाची बदली निघाली आणि त्यांच्याकडचे दोन गिनीपिग पिंजऱ्यासह आमच्या ओसरीवर आले. "काकू, आम्ही परत येईपर्यंत सांभाळा," असे शेजारीण म्हणाली खरी. परंतु ती परत येणार नाही हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही. सात वर्षांच्या नातीने काळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्याला तीळ म्हटले, तांबूस होता त्याला गूळ. नावे पडली, आणि नको म्हणण्याची वेळ निघून गेली.

यजमानांना हे पटले नव्हते. त्यांचा स्वाध्याय नित्याचा. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये पहिला अतिचार बंधाचा, आणि आपल्याच ओसरीवर तो तारांच्या रूपाने उभा, हे त्यांना जेवताना टोचत असे. पाखरू असते तर दार उघडून मोकळे केले असते. पण या प्राण्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलुखात. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला घरात आणले आणि तेव्हापासून तो माणसांच्याच आश्रयाने राहिला. त्याला परत जायला रान उरलेले नाही. कोल्हापुरात आमच्या परसात त्याला सोडणे म्हणजे शेजारच्या बोक्याच्या स्वाधीन करणे. दोन दिवस विचार करून यजमान म्हणाले, "सोडता येत नसेल तर ठेवा. पण पायाखालची ती जाळी आधी काढा."

पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा होता. लेंड्या आणि मूत्र खालच्या ताटात पडावे, माणसाचे काम हलके व्हावे, ही त्यामागची सोय. गिनीपिगच्या पुढच्या पायांना चार बोटे असतात, मागच्यांना तीन. आणि तळवे मात्र केसांवाचून, तान्ह्या मुलाच्या तळहातासारखे उघडे. त्या तळव्यांनी चोवीस तास तारेवर उभे राहायचे. मी तिळाला उताणा धरून पाहिले तेव्हा मागचे दोन्ही तळवे लाल होते आणि एका टाचेवर कठीण घट्टा धरला होता. अशा घट्ट्याला पुढे भेग पडते, भेगेतून जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी फक्त एवढेच जाणवले की, या घरात वाट चालताना मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या माणसांनी या पायांकडे पाहिलेच नव्हते.

जाळी काढली आणि पत्र्यावर वर्तमानपत्रे अंथरली. कागद भिजला की तसाच ओला राहतो, आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यांचे पाय घसरत. शिवाय आमच्या घरी एक निराळीच अडचण. रद्दीत कोठे पंचकल्याणकाचे छायाचित्र, कोठे एखाद्या महाराजांच्या विहाराची वार्ता. प्रत्येक पान उलटून पाहिल्यावाचून पिंजऱ्यात घालता येईना. आपल्या मासिकाचे अंक तर त्या गठ्ठ्यात जाणेच शक्य नव्हते. रोज सकाळी रद्दीचे इतके बारकाईने वाचन मी पूर्वी कधी केले नव्हते.

मग कोणी सांगितले म्हणून लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणला. दिसायला छान, पावलांना मऊ. दुसऱ्या दिवसापासून गूळ शिंकू लागला. वखारीचा भुसा पिठासारखा बारीक असतो, आणि या प्राण्यांचे नाक जमिनीपासून दोन बोटांवर. आपल्याला जी धूळ दिसतही नाही ती ते अखंड हुंगत असतात. त्यात देवदार किंवा चीड असेल तर आणखी वाईट, कारण त्या लाकडांचा जो वास आपल्याला आवडतो तोच त्यांच्या श्वासाला आणि यकृताला बाधतो. वखारीत तर कोणत्या झाडाचा भुसा कोठे पडला याचा हिशेब कोण ठेवणार? चौथ्या दिवशी थर उलटला तेव्हा तळाशी ओलसर गोळे झाले होते आणि त्यांत सूक्ष्म किडे वळवळत होते. पीठ चाळून घेणारी, धान्याला ऊन दाखवणारी, पाणी गाळून पिणारी मी, ओसरीवर मात्र जीवोत्पत्तीचे वाफे घालून बसले होते.

तेव्हा मला सासूबाईंची वाकळ आठवली. जुन्या सुती लुगड्यांची, बारीक टाक्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिचे दोन तुकडे केले. दोघे तिच्यावर पसरून झोपले, तिळाचे तळवेही निवळू लागले. मला वाटले, झाले, सापडले. उन्हाळाभर खरोखरच काही अडले नाही; सकाळी धुतलेला तुकडा दुपारपर्यंत कडकडीत वाळत असे.

आषाढ लागला आणि कोल्हापूरचा पाऊस बसला. वाळत घातलेली वाकळ तीन तीन दिवस आंबट ओली राही. सुताचा गुण असा की, ते ओल पिते आणि धरून ठेवते. वरून हात फिरवला तर गार लागे. मी ती गारवा समजले. त्याच आठवड्यात घरी पाहुणे होते, मुनिसंघाचा चातुर्मास गावात ठरला होता, माझी सकाळ मंदिरात जाई. दोन दिवस वाकळ बदलली गेली नाही. तिसऱ्या दिवशी गूळ कोपऱ्यात बसून राहिला, गवताकडेही आला नाही. उचलला तर मागचा भाग ओला, त्याला वास येत होता. केस बाजूला केले आणि माझे हात थांबले. माश्यांनी ओल्या केसांत अंडी घातली होती आणि त्यांतून निघालेल्या अळ्या कातडीत शिरल्या होत्या.

डॉक्टरांना आमचे घराणे ठाऊक होते. चिमटा हातात घेऊन त्यांनी विचारले, "काकू, काढू ना?" एक पंचेंद्रिय जीव आणि त्याच्या अंगावर कितीतरी त्रस जीव. कोणाचे आयुष्य कोणासाठी, हे ठरविण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी "हो" म्हणाले. अर्धा तास ते काढीत होते, मी बाहेरच्या बाकावर णमोकार म्हणत होते. पण मन मंत्रात नव्हते, त्या ओल्या वाकळीत होते. दुसऱ्या रात्री गूळही गेला. कोणीच वाचले नाही.

यजमान मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी पुढे एवढेच म्हटले की, त्या बाकावर बसून प्रश्न सुटणारा नव्हताच, तो दोन दिवस आधी, वाकळीवर हात ठेवला तेव्हा सुटला असता. प्रमादाची व्याख्या मी पाठशाळेत मुलांना शिकवलेली आहे. त्या वर्षीच्या क्षमावणीला सगळ्यांना फोन करून झाले, तरी फोन खाली ठेवावासा वाटेना.

गूळ गेल्यावर मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले, ती अंथरुणाबद्दल विचारायला. त्यांनी सांगितले ते सोपे होते. वरचा थर ओल न धरणारा हवा आणि खालचा थर ओल पिणारा. थंडीत पांघरायला मिळते ते फ्लीसचे ब्लँकेट वर, आणि खाली जाड सुती थर. मात्र नवे फ्लीस तसेच घालू नये. त्यावर कारखान्यातील लेप असतो आणि पाणी थेंबाथेंबाने वरच तरंगते. कपड्यांना मऊपणा आणणारे द्रावण न घालता ते तीन-चार वेळा धुवावे, मग चमचाभर पाणी ओतून पाहावे. पाणी झिरपून खाली गेले आणि वरून हात कोरडा निघाला तर ते कापड तयार झाले. मी पहिल्या दिवशी ओतलेला चमचा तसाच मोत्यासारखा उभा राहिला होता. चौथ्या धुण्यानंतर तो दिसेनासा झाला. मांजरांसाठी मिळणारी घट्ट होणारी माती, गर भरलेल्या शोषक गाद्या, मक्याच्या कणसाचा चुरा या गोष्टी दुकानात पुष्कळ आहेत. पण हे प्राणी समोर येईल ते कुरतडतात आणि पोटात जाऊन फुगणारे काही त्यांच्या पायाखाली असू नये, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेले नाही. दुकानदार गाजरेही सुचवतात. आमच्या घरात कंदमूळ येत नाही आणि त्यावाचून यांचे काही अडत नाही. यांना खरी गरज वाळलेल्या गवताची, आणि रोजच्या क जीवनसत्त्वाची, जे आपल्यासारखेच त्यांच्याही शरीरात तयार होत नाही. तेवढ्यासाठी ढोबळी मिरचीची एक फोड पुरते.

पिंजरा भंगारात गेला. हे प्राणी चढत नाहीत, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात फूटभर उंचीच्या फळ्यांचे, आठ चौरस फुटांचे उघडे कुंपण केले आणि खोलीच्या खिडक्यांना बोक्यासाठी जाळी बसवली. डॉक्टरांकडे कोणीतरी सोडून गेलेला एक म्हातारा गिनीपिग तिळाच्या सोबतीला आला; ही जात एकटी राहत नाही. सासूबाईंची वाकळ आता फ्लीसच्या खाली असते, रोज बदलते, आणि पावसाळ्यासाठी तिचे सहा तुकडे केले आहेत. गवताच्या कोपऱ्यात लेंड्या अधिक पडतात. तेथे निराळा लहान तुकडा. धुण्याआधी मऊ कुंच्याने झाडून, उजेडात उलटून पाहून मगच पाण्यात घालते. लेंड्या गटारात नाहीत, शेणखताच्या ओल्या खड्ड्यातही नाहीत. परसात पत्र्याखाली कोरड्या, उघड्या जागी पातळ पसरते. साधूंच्या पाचव्या समितीत मलमूत्र निर्जंतुक जागी टाकण्याचा जो विवेक सांगितला आहे, तो माझ्या वाट्याला या वयात असा आला.

यजमान अजूनही बंध हा बंधच म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पहाटे उठल्यावर देवपूजेच्या आधी मी कुंपणात वाकून फ्लीसवर तळहात दाबते आणि दहा आकडे मोजते. तेवढ्यात तिळाला वाटते गवत आले, आणि तो शीळ घालून सारे घर उठवतो.