कच्च्या मातीचे बळ

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या गावांत गणपती भाद्रपदात येत नाही. तो वर्षभर घडतच असतो. साचे भरले जातात, शाडू मळला जातो, कच्च्या मूर्ती वाळत ठेवल्या जातात, शेवटी डोळ्यांची आखणी होते. ज्या गावाचे पोट मातीवर चालते तिथल्या माणसाला यिर्मयाच्या ग्रंथातील अठरावा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही. त्यात संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी जाण्याची आज्ञा होते. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार तोच गोळा घेऊन त्याचे दुसरे भांडे घडवतो. पुढच्याच अध्यायात मात्र संदेष्टा एक तयार मडके विकत घेतो, हिन्नोमच्या खोऱ्यात लोकांदेखत फोडतो आणि हे आता सांधता येणार नाही असे सांगतो. हे दोन अध्याय शेजारी शेजारी आहेत, आणि बायबल माणसाला बळ कसे देते याचे उत्तर मला त्यांच्या मधल्या जागेत दिसते. ओली माती कितीही वेळा बिघडली तरी घडवणाऱ्याच्या हातात असते. भाजून टणक झालेले मडके स्वतःच्या पायावर उभे असते, पण एका आघातात संपते. ख्रिस्ती शास्त्रात देवाविषयीचा आदर म्हणजे आपण माती आहोत याची जाणीव, आणि त्या जाणिवेतूनच बळ येते. आदर वगळून नुसते बळ मागायला गेलेल्याच्या हाती या ग्रंथातून फारसे काही लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आज बायबल सर्वाधिक भेटते ते सुट्या वचनांच्या रूपात. दिनदर्शिकेवर, भिंतीवरच्या चौकटीत, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांत. आपल्याला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे आपण सर्व काही करू शकतो, हे पौलाचे म्हणणे त्यांत हमखास असते, आणि परीक्षेपासून धंद्यापर्यंत कुठेही लावले जाते. ज्या पत्रात ते आहे ते पत्र मात्र कैदेतून लिहिलेले आहे. फिलिप्पै येथील मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल पौल तिथे कृतज्ञता व्यक्त करतो आणि सांगतो की पोटभर मिळाले तरी कसे राहायचे आणि उपाशी राहावे लागले तरी कसे राहायचे, हे दोन्ही तो शिकला आहे. ‘सर्व काही’ म्हणजे यश नव्हे. उपासमार आणि भरभराट या दोन्हींत न ढळता टिकणे एवढाच त्याचा अर्थ तिथे आहे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले, देवाच्या मनात आपल्या हिताचेच बेत आहेत हे वचनही असेच तोडून घेतले जाते. ते बाबेलात बंदिवान झालेल्यांना पाठवलेल्या पत्रात आहे. त्याच पत्रात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे आणि तोवर परक्या नगरीत घरे बांधा, बागा लावा, त्या नगरीच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे बजावले आहे. पत्र हाती पडले तेव्हा जी माणसे प्रौढ होती त्यांतली बहुतेक परतीचा दिवस पाहणार नव्हती. संदर्भासकट वाचले की वचन लहान होत नाही, उलट जड होते. पण ते उचलायला वाचणाऱ्याला आधी थांबावे लागते. हे थांबणे मला आदराची पहिली पायरी वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बायबल आदराबद्दल बोलते तेव्हा वारंवार देवाच्या भयाबद्दल बोलते. भयातून बळ कसे येईल? घाबरलेला माणूस वाकतो, आणि वाकलेल्यावर राज्य करणे सोपे असते. उत्तर निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात आहे, पण तिकडे फारसे कुणी पाहत नाही, कारण सगळ्यांना मोशेपर्यंत पोहोचण्याची घाई असते. इब्र्यांना झालेले मुलगे जन्मताच मारावेत असा हुकूम फारो शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींना देतो. त्या तो पाळत नाहीत, आणि ग्रंथ त्याचे एकच कारण देतो: त्या देवाला भीत होत्या. त्या काळच्या सर्वांत बलाढ्य राजासमोर दोन सुइणी उभ्या राहतात आणि मुले जगतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या सुइणींची नावे ग्रंथाने जपली; त्या फारोचे नाव कुठेच दिलेले नाही. देवाचे भय इथे इतर सगळ्या भयांची जागा घेते आणि ती भये निकामी करते. ज्या भयाने माणूस राजापुढे, सावकारापुढे, जमावापुढे लाचार होतो ते भय वेगळे. देवाच्या नावाने माणसांना माणसांपुढे वाकायला लावणारे धर्मगुरू सर्वत्र झाले, चर्चमध्येही झाले. पण त्यांना या अध्यायाचा आधार घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की शास्त्रातले बळ म्हणजे नुसता दिलासा, दुःखावर फुंकर. तसे असते तर या ग्रंथातून बरेच काही आधीच काढून टाकावे लागले असते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे आशेवर येतात. हे अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन शास्त्रशुद्ध बोलतात, ईयोब देवाशी भांडतो, आणि अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाची वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर येते. गेथशेमाने बागेत स्वतः येशू हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि तो टळत नाही. दिलासा विकणाऱ्याने असे पुस्तक लिहिले नसते. यातला आदर देवापुढे खोटे न बोलण्याइतका सच्चा आहे. दुःख दडवून केलेली स्तुती देवाला नको, हे ज्याला कळले त्याचे दुःख कमी होत नाही, पण ते लपवण्यात जाणारी शक्ती वाचते.

महाराष्ट्रात याची सर्वांत ठोस साक्ष पंडिता रमाबाईंची. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच 1882 मध्ये पती गेले, आणि पदरी लहानगी मनोरमा राहिली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मिळणारी वागणूक आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर येशूशी बोलणारी शोमरोनी स्त्री, या दोहोंनी आपल्याला ओढले असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. इथे नेहमीचा प्रश्न उभा राहतो: हा ग्रंथ तर राज्यकर्त्यांबरोबर आला, मग त्याने दिलेले बळ म्हणजे साहेबाच्या आश्रयाचे बळ नव्हे काय? रमाबाईंचा पत्रव्यवहार याला उत्तर देतो. ज्या इंग्रज धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, या अर्थाचे त्यांनी कळवले. बिशपांचे शब्द त्यांनी देवाचे शब्द मानले नाहीत, आणि असे सांगण्याचे धैर्य त्यांना त्याच शास्त्राच्या वाचनाने दिले होते. नारायण वामन टिळकांची वाट वेगळी, पण दिशा तीच. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. आश्रितांची ही लक्षणे नव्हेत.

रमाबाईंकडे पुन्हा वळतो, कारण त्यांचे शेवटचे काम माझ्या मुद्द्याच्या अगदी गाभ्याशी आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणून केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात सांभाळल्या. एवढा संसार अंगावर असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतल्या बायकांनीच केली. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. विद्वत्तेने ‘पंडिता’ झालेली ही स्त्री शास्त्रापुढे पुन्हा विद्यार्थिनी झाली. देवाच्या शब्दापुढे आपण शिकणारेच आहोत ही वृत्ती नसती, तर एवढ्या थकव्यात, एवढ्या मृत्यूंनंतर, व्याकरणाची नवी पुस्तके उघडण्याचे बळ कुठून आले असते? यशस्वी माणसाचा आत्मविश्वास मला यात दिसत नाही. करिंथकरांना लिहिताना पौल मातीच्या भांड्यातील ठेव म्हणतो ती ही; भांडे मातीचे ठेवले आहे ते सामर्थ्य कुणाचे याविषयी गैरसमज होऊ नये म्हणून.

पेण आणि रोह्याच्या बाजूला याच ग्रंथाची आणखी एक कहाणी आहे, आणि तिचा विचार ख्रिस्ती लेखनात फार कमी होतो. कोकणातल्या बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. घाणे चालवून ते जगले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आजही त्या त्या गावाचा पत्ता सांगतात. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी पिढ्यानुपिढ्या राखले, पण शास्त्राचे ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केले. जुना करार मराठीत त्यांच्या हाती आला. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. घडले मात्र निराळे. फार थोडे जण ख्रिस्ती झाले. बाकीच्यांना त्या पानांत आपलाच देव, आपलेच पूर्वज आणि आपलीच स्तोत्रे सापडली आणि ते अधिक जाणते यहुदी झाले. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, अब्राहाम आणि योसेफ यांच्यावर कीर्तने होऊ लागली. शास्त्र हे धर्मांतराचे हत्यार आहे असे म्हणणाऱ्यांनी आणि तेवढ्यासाठीच ते वाटणाऱ्यांनीही ही घटना लक्षात ठेवावी. ग्रंथ देणाऱ्याच्या हेतूला बांधलेला नसतो. ख्रिस्ती माणसाने तर यात आनंद मानावा. ज्या स्तोत्रांनी येशूने प्रार्थना केली तीच स्तोत्रे अष्टमी गावच्या तेल्याला त्याच्या देवापुढे ताठ उभे करीत होती.

या ग्रंथात कठीण जागाही आहेत. यहोशवाच्या पुस्तकातली कत्तल आहे, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे सांगणारी पत्रे आहेत, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी ती वाचून दाखवली. त्याच अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्यांनीही बायबलच हाती घेतले होते, आणि जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपले ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या सदाचारी लोकांनाच अर्पण केले. सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या मानणे हा आदर नव्हे. डोंगरावरील प्रवचनात येशू स्वतः पूर्वी सांगितलेले पुढे ठेवतो आणि ‘पण मी तुम्हाला सांगतो’ म्हणून ते आणखी खोल नेतो. शास्त्र कसे वाचावे याचा धडा शास्त्रानेच घालून दिला आहे.

जोह्याच्या संदर्भात सर्वांत अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे. दहा आज्ञांतली एक मूर्ती करू नको म्हणते. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात तर अर्धे लाकूड चुलीत घालून उरलेल्याचा देव करणाऱ्यावर जळजळीत टीका आहे. मूर्तीवर जगणाऱ्या गावाला या ग्रंथाने काय द्यावे? ही वचने मऊ करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मतभेद आहे आणि तो खरा आहे. पण त्या मनाईमागचे कारण पाहिले पाहिजे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाची प्रतिमा आधीच ठरलेली आहे: जिवंत स्त्री आणि पुरुष. देवाला द्यायचा आदर कुठे द्यायचा याचे उत्तर त्यामुळे चुकवता येत नाही. डोळ्यांनी दिसणाऱ्या भावावर प्रेम न करणाऱ्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येणार नाही, असे योहानाचे पहिले पत्र बजावते. आणि कामकऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, असे याकोबाचे पत्र शेतमालकांना सुनावते. हंगामाच्या घाईत रात्ररात्र रंगकाम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यातल्या मजुराला हे वचन परके वाटू नये, मग त्याचा देव कोणताही असो.

शिवाय मूर्तीला मनाई करणारा तोच निर्गम ग्रंथ कारागिराला फार मोठा मान देतो. देवाच्या आत्म्याने भरलेला असे वर्णन त्यात ज्याचे येते तो राजा नाही की याजक नाही. तो बसालेल आहे, सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा हातांचा माणूस. त्याच्या जोडीला अहलियाब आहे, आणि बकऱ्याचे केस कातणाऱ्या बायकांचाही उल्लेख आहे. निवासमंडपासाठी लोक रोज सकाळी देणग्या घेऊन येत राहतात, तेव्हा हे कारागीर आपले काम थांबवून मोशेकडे जातात आणि सांगतात की लोक लागते त्याहून जास्त आणत आहेत. मग मोशे छावणीभर दवंडी पिटवतो, कुणीही आणखी काही आणू नये म्हणून.