बेवारस ट्रॉल्यांचा रविवार

महिन्याचा पहिला रविवार. संध्याकाळचे साडेसहा. पगार जमा झालाय आणि ईएमआय कापला जायला अजून दोन दिवस आहेत. अशा वेळी घोडबंदर रोडवरचं निम्मं ठाणं कुठे सापडेल? येऊरला? तलावपाळीवर? छे! सुपरमार्केटमध्ये! कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा. ऑफिसातले दोन चेहरे, बिल्डिंगमधले पाच-सहा आणि जिममध्ये रोज दिसणारा पण नाव माहीत नसलेला एक, एवढी मंडळी हमखास भेटतात. पायात फ्लोटर्स, हातात कापडी पिशव्यांचं भेंडोळं आणि चेहऱ्यावर 'अर्ध्या तासात उरकून टाकू' असा भाबडा आत्मविश्वास.

अर्ध्या तासात? बघूच.

पहिला अडथळा दारातच. पिशव्यांचं म्हणाल तर आपण सुधारलोय. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा केवढी कुरकूर केली होती सगळ्यांनी! आता न सांगता घरून पिशव्या येतात, गाडीच्या डिकीत दोन कायमच्या पडलेल्या असतात. तर माणसं बदलतात, असं मनाशी म्हणत पुढे जावं आणि ट्रॉल्या ठेवायच्या जागी यावं, तर तिथे शुकशुकाट. ट्रॉली नाही! दहा-बारा माणसं बिल झालेल्या एखाद्या कुटुंबाकडे आशेने बघत उभी. 'काका, तुमची झाली की देता का?' हे वाक्य दर अर्ध्या मिनिटाला.

आणि गंमत म्हणजे दुकानात ट्रॉल्या मुबलक असतात. फक्त जागेवर नसतात. त्या बघायच्या असतील तर पार्किंगमध्ये चक्कर मारा. एक ट्रॉली दोन गाड्यांच्या मधे अशी अडकवलेली, की येणाऱ्याला ना गाडी लावता येते, ना दार उघडता येतं. एक स्कूटरला टेकून. उतारावर सोडलेली तिसरी हळूहळू घरंगळत कोणाच्या तरी नव्याकोऱ्या गाडीच्या दिशेने निघालेली. दोन रिक्षा स्टँडवर, कारण सामान रिक्षात गेलं, मालक रिक्षात गेले, ट्रॉली थोडीच जाणार! आणि सगळ्यात धाडसी ट्रॉल्या कंपाउंडच्या बाहेर पडून, फुटपाथवरच्या फुटक्या पेव्हर ब्लॉकवरून खडखडत, समोरच्या टॉवरच्या गेटपर्यंत पोचलेल्या. तिथे वॉचमनने त्यांना कोपऱ्यात उभं केलेलं असतं. एखादीच्या तळाशी कोथिंबिरीच्या चार काड्या आणि चुरगळलेली यादी.

आत शिरलात की दुसरा अध्याय. डाळींच्या रांगेत एक ट्रॉली बरोब्बर तिरकी लावलेली असते आणि तिचा मालक फोनवर. 'आई, साबुदाणा मोठा घेऊ की बारीक? बरं, पोहे जाडे की पातळ?' आईचं उत्तर येईपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प. माजिवड्याच्या जंक्शनचा सराव इथे कामी येतो. एका ट्रॉलीमागे अख्खं कुटुंब, आजी-आजोबांसकट, कारण एसी आहे आणि रविवार आहे. त्याबद्दल तक्रार नाही. शहरात म्हाताऱ्या माणसांना सपाट जमिनीवरून निवांत फिरता येईल अशा जागा आहेतच किती? पण तूरडाळीच्या पाकिटांवर बुटांसकट उभा असलेला सहा वर्षांचा चिरंजीव बघितला की थोडं बोलावंसं वाटतं. हँडलजवळची फळी लहान बाळांना बसवायला असते. मागची जाळी डाळ-तांदळांसाठी. उभं राहण्यासाठी दोन्ही नाहीत.

आणि काउंटरवरची ती सुप्रसिद्ध युक्ती! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची कला आपल्या रक्तात आहे. तीच इथे ट्रॉलीच्या रूपाने अवतरते. रांगेत एक ट्रॉली, आत एकुलतं एक बिस्किटाचं पाकीट. माणूस नाही. आपण तिला पुढे ढकलत ढकलत काउंटरपर्यंत नेतो आणि ऐनवेळी तीन बाजूंनी तिघे जण तेल, साबण आणि झाडू घेऊन धावत येतात. 'आमचा नंबर होता!' आता काय बोलणार? रुमालाला तरी एका सीटची मर्यादा होती.

खरं तर हे असं का होतं, याचं उत्तर वाण्याच्या दुकानात आहे. आपल्या आयांनी वाणसामान भरलं ते काउंटरच्या अलीकडे उभं राहून. यादी द्यायची, वाणी काढून देणार, पोऱ्या पुड्या बांधणार आणि घरी पोचवणार. मालाला हात लावायचा अधिकार नव्हता, तशी जबाबदारीही नव्हती. शिवाय वाणी ओळखत होता. वहीवर नाव होतं. 'तुमचा मुलगा काल गुळाच्या ढेपेवर बसला होता' हे संध्याकाळपर्यंत घरी कळायचं!

सेल्फ सर्व्हिस ही भानगड अमेरिकेतली. १९१६ मध्ये मेम्फिसमध्ये क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, फळ्यांवरून माल तुमचा तुम्ही उचला. नोकरांचा खर्च वाचला, माल स्वस्त झाला. पण हातातली टोपली जड झाली की माणसं खरेदी थांबवायची. त्यावर १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने तोडगा काढला. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली, तिला चाकं लावली, वर टोपल्या बसवल्या आणि झाली ट्रॉली तयार. गिऱ्हाइकांनी सपशेल नाकारली! बायकांना ती बाबागाडी वाटली आणि पुरुषांना कमीपणा वाटला. शेवटी गोल्डमनने पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना गिऱ्हाईक असल्यासारखं दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरवलं. मग लोक धजावले. एकात एक घुसणाऱ्या ट्रॉल्या त्यानंतरच्या. मागची जाळी बिजागरीवर वर उचलली जाते आणि दहा ट्रॉल्या तीन-चार ट्रॉल्यांच्या जागेत मावतात. मात्र त्यासाठी कोणीतरी त्या एकात एक घालायला हव्यात.

ट्रॉली ढकलायला शिकवण्यासाठी भाड्याची माणसं आणली गेली. परत ठेवायला शिकवण्यासाठी कोणीच नाही.

आपल्याकडे हा सगळा मामला भुर्रकन आला. पवईत डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं २००२ मध्ये. त्याआधी वर्षभर, २००१ मध्ये, बिग बझार सुरू झालं होतं. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा गर्दी अशी काही उसळली की काही ठिकाणी वेळेआधीच शटर ओढायची पाळी आली. ते बिग बझार २०२२ मध्ये बंद पडलं, पण तोवर आपल्या पिढीला स्वतःच्या हाताने माल काढायची चटक लागली होती. दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅप्स आली तरी पहिल्या रविवारची जत्रा काही थांबलेली नाही. आपल्या हाताने काढायचं सुखच वेगळं!

फक्त सेल्फ सर्व्हिसचा अर्धाच भाग आपण घेतला. उचलायचं आपण, ठेवायचं कोणीतरी.

दुसरा अर्धा भाग मराठी माणसाला नवा आहे असंही नाही बरं का. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाली. शेजारीपाजारी मिळून संघ करायचा, सगळ्यांच्या मागण्या एकत्र नोंदवायच्या आणि महिन्याचं सामान एकाच्या दारात उतरलं की सभासदांनीच आपसात वाटून घ्यायचं. पोती उतरवायलाही हेच, हिशेब करायलाही हेच. बँकेतले साहेब आणि शाळेतल्या बाई डाळीची पाकिटं मोजत बसलेल्या! बचत त्यातूनच व्हायची, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. आता बिलाखाली 'तुम्ही वाचवले ३१२ रुपये' असं छापून येतं, तेव्हा ते कोणाच्या कष्टातून वाचले हे दिसत नाही, एवढंच.

दिसलं असतं तर बहुतेक आपण ते पनीर साबणांच्या फळीवर ठेवलं नसतं.

हा प्रकार ट्रॉली सोडण्यापेक्षाही वाईट आहे. फ्रीजमधून पनीर घेतलं, पुढे जाऊन विचार बदलला. विचार बदलायला काहीच हरकत नाही! पण परत फ्रीजपर्यंत कोण जाणार? मग ते शॅम्पूच्या बाटल्यांमागे. आइस्क्रीमचा फॅमिली पॅक मॅगीच्या पाकिटांवर. कधी कधी तर अख्खी भरलेली ट्रॉलीच तेलाच्या डब्यांजवळ सोडून माणसं निघून गेलेली असतात, रांग लांब आहे म्हणून. आत भाजी, दही, गोठवलेले मटार, सगळं. आइस्क्रीम साठवायचं ते उणे १८ अंशांला. एकदा वितळलं की त्यातली हवा जाते, आणि परत गोठवलं तर बर्फाचे जाडे खडे तयार होतात. पनीर-दह्याचं तर विचारूच नका. ते किती वेळ बाहेर होतं हे कोणालाच माहीत नसतं. मग विकायचं कसं? जातं कचऱ्यात. तूरडाळीचं पाकीट चुकीच्या जागी सापडलं तर परत लावता येतं, पनीर नाही.

काउंटरवर 'हे नको' म्हणून सरळ देऊन टाका ना! अगदी शेवटच्या क्षणी दिलंत तरी चालतं. काउंटरवरची मुलगी फार तर एक सुस्कारा सोडेल, पण ती वस्तू वेळेत फ्रीजमध्ये परत जाईल. संकोच कसला? वाण्याकडे 'शेंगदाणे राहू द्या' म्हणताना कधी लाज वाटली होती?

आता परदेशातल्या गोष्टी. ऑनसाइट जाऊन आलेला प्रत्येक मित्र जर्मनीच्या ट्रॉलीची गोष्ट सांगतोच. तिथे ट्रॉल्या साखळीने एकमेकींना जोडलेल्या. हँडलच्या खाचेत एक युरोचं नाणं घातलं की साखळी सुटते. काम झालं की ट्रॉली परत रांगेत लावायची, साखळी अडकवायची, नाणं बाहेर! अनेक जण तर नाण्याच्या मापाची प्लास्टिकची चकती किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगतात, म्हणजे पैशांचाही प्रश्न नाही, तरी ट्रॉली परत जातेच. अमेरिकेत बहुतेक दुकानांत कुलूप नसतं, पण अल्डी या जर्मन कंपनीच्या दुकानांत तिथेही असतं. पंचवीस सेंटचं नाणं लागतं. न्यू जर्सीतली आपली मंडळी गाडीत एक क्वार्टर अल्डीसाठी राखून ठेवतात.

मग ठाण्यात दहाच्या नाण्याचं कुलूप का नको? लावून बघावं, माझं मत लावण्याच्याच बाजूने आहे. पण एक शंका आहे. यूपीआयच्या जमान्यात नाणं आहे कोणाच्या खिशात? शिवाय दहा रुपये वाचवायला आपण परत फिरू, की 'जाऊ दे ना, दहा रुपयेच तर आहेत' म्हणून रिक्षात बसू? दहा रुपयांत ट्रॉली सोडायचा परवाना विकत घेतला, असाही हिशेब होऊ शकतो. आपण हुशार आहोत, बॉस!

ट्रॉली दुकानाची आहे म्हणून असं होतं, असं वाटत असेल तर घोडबंदरच्याच एखाद्या टॉवरमध्ये जाऊन या. हल्ली पुष्कळ सोसायट्यांनी सामान वर न्यायला स्वतःच्या ट्रॉल्या घेतल्यात. मेंटेनन्सच्या पैशांतून. म्हणजे अगदी आपल्या हक्काच्या! त्या पार्किंगमध्ये लिफ्टजवळ असायला हव्यात. असतात कुठे? अठराव्या मजल्यावर, फायर एक्झिटच्या दारापुढे. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो, खाली 'कृपया संबंधितांनी लक्ष द्यावे', त्याखाली सतरा अंगठे. संबंधितांचाही अंगठा त्यातच असतो. अर्ध्या तासाने वॉचमन वर जाऊन ट्रॉली खाली आणतो.

दुकानातल्या ट्रॉल्या आणणारा मुलगा बघितलाय का कधी? कंपनीचा टी-शर्ट, हातात एक दोरी. पार्किंगमधून एकेक ट्रॉली गोळा करत, एकात एक घालत तो पंधरा-वीस ट्रॉल्यांची आगगाडी करतो आणि मागून जोर लावतो. पुढचं काही दिसत नाही, म्हणून दर चार पावलांनी वाकून बाजूने बघायचं. पावसाळ्यात चाकं अडकतात, मे महिन्यात हँडल तापतं. उतारावर आगगाडी सुटू नये म्हणून दोरी. समोरून गाडीवाले हॉर्न वाजवतात. त्याच्यावर! जणू त्यानेच रविवारची करमणूक म्हणून ट्रॉल्या पार्किंगभर पेरून ठेवल्यात.

एकदा बोलता बोलता एकाला विचारलं, सगळ्यात लांबून कुठून आणावी लागते? 'त्या तिकडच्या टॉवरवरून,' त्याने हात केला. रस्ता ओलांडून, मधे डिव्हायडर. 'ताई, एक असली तर उचलून आणतो. दोन असल्या तर दोन फेऱ्या.' ट्रॉल्या कमी भरल्या तर कोणाला विचारतात, असं म्हटल्यावर तो नुसता हसला.

रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की दुकानात आणखी एक फेरी होते. काउंटरपाशी साठलेल्या आणि फळ्यांवर भलतीकडे सापडलेल्या वस्तू दोन-तीन ट्रॉल्यांत भरायच्या आणि एकेक जागेवर नेऊन ठेवायची. टूथपेस्ट टूथपेस्टकडे, बेसन बेसनाकडे. एका ट्रॉलीत फक्त दूध, दही, पनीर आणि आइस्क्रीम असतं. तिच्यातल्या वस्तूंची नोंद करायची आणि ती मागच्या दाराने बाहेर काढायची. तोवर साडेदहा वाजून गेलेले असतात. हे आवरल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि घरी म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना अजून स्टेशन गाठून पुढे टिटवाळा-बदलापूरची गाडी पकडायची असते.