शेताचा फोटो कुणी काढलाच नव्हता

पेणकडच्या खाचरांत गुडघ्याच्या वर पाणी आहे, लावणी दोन दिवस थांबवली. तेवढ्यात घरातल्या एका वस्तूचं लिहून टाकतो. डिजिटल फोटो फ्रेम. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घ्यावी का, कुठली घ्यावी, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

नवीन वाचकांसाठी सांगतो. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यात आमचं जुनं उलवे. डोंगर सुरुंगाने फोडला, नदी वळवली, साडेबावीस टक्क्यांचा भूखंड हातात आला आणि 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडतात. मी आता उलव्यात चौथ्या मजल्यावर राहतो आणि पेणच्या खारेपाटात खंडाने भात करतो. आईचं वय ऐंशीच्या वर. मोबाईलचा पडदा तिला बारीक पडतो, बोट लागलं की फोटो पळतो. म्हणून फ्रेम घेतली.

फोटो गोळा करायला बसलो तेव्हा कळलं, शेताचा म्हणून एकही फोटो नाही. आमच्याकडे कॅमेरा यायचा तो लग्नाला, हळदीला, नाहीतर बारशाला. भाताचा फोटो काढायला फोटोग्राफर कोण बोलावणार? पण वरात बांधावरून जायची, मांडव खळ्यात पडायचा. त्यामुळे आमचं शेत आहे ते माणसांच्या मागे, कडेला, अर्धंमुर्धं. नवरीच्या डोक्यावर डोंगर, करवलीच्या कोपराजवळ उघाडी. नातेवाईक आता वेगवेगळ्या सेक्टरांत विखुरलेत. त्यांना निरोप धाडला, नवरा-नवरी कशी दिसते ते बघू नका, मागे काय दिसतं ते बघा आणि पाठवा.

आता घेण्याचं. माझी दहा इंची आहे, 1280 बाय 800 ठिपक्यांची, आयपीएस पडद्याची. आयपीएस घ्याच, कारण साध्या पडद्यावर बाजूने बघितलं की फोटो काळा पडतो आणि घरात कुणी बरोबर समोर बसत नाही. वायफाय असेल तर बहीण तिच्या घरून फोटो धाडते. नुसती पेनड्राईव्हवाली असेल तर दर वेळी आपणच काढा-घाला करायचं. दुकानात एक गोष्ट जरूर करून बघा. फोटोखाली मराठीत दोन शब्द लिहा आणि जोडाक्षरं नीट उमटतात का बघा.

जुने फोटो मोबाईलने उतरवताना आल्बमच्या प्लास्टिकमधून काढा. खिडकीजवळ सावलीत ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोच्या बरोबर वर आडवा धरा. नातेवाइकांना सांगा की व्हॉट्सअॅपवर धाडायचा तर डॉक्युमेंट म्हणून धाडा, साधा धाडला की तो दाबून बारीक होतो. माणसाचं तोंड तेवढ्यात ओळखता येतं, मागचा बांध पुसट होतो. आणि मूळ फोटो फेकू नका. फ्रेम म्हणजे कपाट नव्हे, एक प्रत पेनड्राईव्हमध्येही ठेवा.

सगळ्यात मोठी भानगड पुढे आली. आत्याच्या लग्नाचा 1979 सालचा चौकोनी काळा-पांढरा फोटो आहे. तो लागला आणि आई म्हणाली, "डोंगराचा शेंडा कोनी कापला रं?" मी म्हणलं, आय, विमानतळासाठी कापला. ती म्हणाली, "तो नाय. ह्यो, फोटूतला."

बघितलं तर खरंच. फ्रेमचा पडदा आडवा, फोटो चौकोनी. पडदा भरून दिसावा म्हणून फ्रेम आपणहून वरचं-खालचं छाटते. हिशोब केला तर चौकोनी फोटोचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जातो. डोंगराचा शेंडा वर गेला, खाली पायाशी खळं होतं तेही गेलं. मधली माणसं तेवढी राहिली. शहरातल्या घराला हे चालत असेल, आपल्याला जे पाहिजे ते नेमकं कडेला असतं. सेटिंगमध्ये "भरून दाखवा" ऐवजी "पूर्ण फोटो बसवा" असा पर्याय असतो, तो निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, येऊ द्या. फोटो बदलायची वेळही पंधरा सेकंदांची होती, ती मी दोन मिनिटांवर नेली. म्हातारं माणूस निवांत बघतं.

विजेचं विचारू नका. दहा वॅट धरले आणि रोज बारा तास चालली तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. रात्री आपोआप बंद व्हायची वेळ लावता येते. खिडकीसमोर मात्र टांगू नका, उजेड परत फिरतो.

कृषी सहायक मंडळींसाठी एक. मी यात प्लॉटचे फोटोही टाकतो, पनवेल-3 चे, खारीने पानांची टोकं सुकलेली, करप्याचे ठिपके. ठिपका मोठा दिसतो हे खरं. पण पडद्याचा रंग निळसर मारतो. पानाचा हिरवेपणा फ्रेमवर बघून युरियाचा डोस ठरवू नका. लीफ कलर चार्ट घेऊन खाचरातच जा.

आईचं काम वेगळंच चाललंय. फोटो लागला की ती खाचराचं नाव सांगते. वडाखालचं, पाणकांड्याचं, म्हातारीचं. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर होते, ही नावं कुठेच नव्हती. माझ्या पोराला तर एकही माहीत नाही. आता नाव सांगितलं की मी फोटोखाली टाकतो, कुठल्या बाजूला आणि तिथे कुठलं भात व्हायचं तेही. आजवर अकरा झाली. कधी ती एकाच खाचराला दोन दिवसांत दोन नावं सांगते. मी दोन्ही लिहून ठेवतो. मावशीला विचारून एक पक्कं करायचंय, तिची तब्येत बरी झाली की.

एक फोटो अडलाय. हळदीचा आहे, मागे भरतीचं पाणी आणि दगडी उघाडी, तिच्या डाव्या अंगाला तिरका बांध. आई म्हणते ही आपली नाही, तरघरच्या बाजूची. फोटोतल्या बायका आमच्याच, पण त्या तिकडे कशा, हे तिला आठवत नाही. माणसांची तोंडं झाकून नुसता मागचा भाग खाली लावलाय. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरीकडच्या जुन्या माणसांना दाखवा. उघाडी कुणाच्या खाचराची ते कळवा.