बुडत्याचा पाय

मराठ्यांचा पानिपतचा पराभव अटळच होता, हे म्हणणं माझ्या घशाखाली उतरत नाही. फौजेबरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू, सूरजमल जाट वाटेतच निघून गेलेला, दुआब शत्रूला मिळालेल्या नजीबखानाच्या हाती. कारणांची ही माळ ओढत गेलं की शेवटी १४ जानेवारी १७६१ येतेच. बुडत्याचा पाय खोलात, असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण माणूस बुडायला लागला कधी, नेमका कोणत्या पावलाला, हे म्हण सांगत नाही. बुडाल्यावरच ती आठवते. नदीत उतरलेल्या प्रत्येकाचा पाय आधी खोलातच जातो. तो पलीकडे निघाला, तर त्याला उतार सापडला म्हणायचं.

यमुनेचंच बघा. १७६० च्या पावसाळ्यात ती मराठ्यांचे सेनापती भाऊ आणि अफगाण बादशहा अब्दाली यांच्यामध्ये भरून वाहत होती. भाऊंनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात वर जाऊन कुंजपुरा जिंकला. तिथं साठवलेलं धान्य हाती आलं. दत्ताजी शिंद्यांचं शिर कापणारा कुत्बशहा तिथंच मारला गेला. त्या दिवशी मराठ्यांच्या छावणीत विचारलं असतं, तर बुडता कोण ठरला असता? पुढच्याच आठवड्यात अब्दालीनं बागपतजवळ नदीत घोडे घातले. पाणी पुरतं ओसरलं नव्हतं, त्याची माणसं वाहून गेली; तरी फौज अलीकडे आली आणि भाऊंची दिल्लीची वाट तुटली.

त्या उतारावर मराठ्यांची भक्कम चौकी असती तर? पाणी आणखी हातभर चढलेलं असतं तर? मग हीच म्हण अब्दालीला लागली असती, आणि मुलुख परका, घर दूर, अशी त्याचीही कारणं आपण तितक्याच खात्रीनं सांगितली असती.

की हे जर-तर म्हणजे दुःखाची समजूत घालणं आहे? पानिपतावर कोंडी पडल्यावर मराठ्यांची दाणावैरण संपत गेली. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीत उपाशी फौज बाहेर पडली, तेव्हा तरी शेवट ठरला होता ना? तेही छातीठोकपणे म्हणवत नाही. त्या सकाळी इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली, भाऊंच्या हुजुरातीनं अब्दालीचा वजीर शहावलीखान याला मागं रेटलं. दुपारी पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, आणि अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज पुढं काढली. राखीव फौज ही त्याची दूरदृष्टी, हे मी मान्य करतो. पण ती गोळी? ती कोणत्या कारणाच्या खाती मांडायची, ते मला अजून ठरवता येत नाही.

अटळ म्हणणाऱ्यांना एवढंच विनवतो, त्या माणसांना सकाळपासूनच हरलेली धरू नका. दुपारपर्यंत ती पुढं सरकत होती.